शहरातलं मोठं रुग्णालय बंद झालं तर आसपासच्या आरोग्यसेवेचं काय होतं?

प्रश्न: आमच्या शहरातलं एक मोठं रुग्णालय बंद होणार आहे. अधिकारी सांगतात की आसपास पाच रुग्णालयं आहेत, त्यांत पुरेशा खाटा रिकाम्या आहेत, कुणाचीही गैरसोय होणार नाही. हे कितपत खरं असतं?

उत्तर:

खाटांची बेरीज बरोबर असेलही, पण ती चुकीच्या गोष्टीची बेरीज आहे. रुग्णालय बंद झाल्यावर आधी टंचाई येते ती वेळेची: ॲम्ब्युलन्सच्या वेळेची, कॅज्युअल्टीतल्या (तातडीच्या विभागातल्या) वेळेची, नर्सच्या हातातल्या वेळेची. खाटांचा तुटवडा दिसू लागतो तोवर वेळेने आपलं नुकसान करून ठेवलेलं असतं.

तरी खाटांपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्या बैठकांमध्ये तोच आकडा पुढे केला जातो. समजा बंद होणाऱ्या ठिकाणी रोज सरासरी 300 रुग्ण दाखल असतात आणि बाकीच्या पाच ठिकाणी मिळून 350 खाटा रिकाम्या आहेत. कागदावर 50 खाटा उरतात. पण या 350 खाटा कोणत्या, ते विचारा. त्यांतल्या बऱ्याच प्रसूती, बालरोग आणि विलगीकरण कक्षांत असतात. तिथे छातीत दुखणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाला ठेवता येत नाही. काही खाटा फक्त लोखंडी खाटा असतात, त्यांच्यासाठी नर्स नेमलेली नसते. शिवाय मोजणी बहुतेक ठिकाणी मध्यरात्री होते. खरी गर्दी असते सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात. तेव्हा नवे रुग्ण येऊन बसलेले असतात आणि डिस्चार्ज मिळालेल्यांचे कागद अजून तयार झालेले नसतात. मध्यरात्री रिकामी दिसलेली खाट त्या वेळी रिकामी असतेच असं नाही.

दुसरं म्हणजे रुग्ण पाच ठिकाणी सारखे वाटले जात नाहीत. बहुतेक भार सर्वांत जवळच्या एका किंवा दोन रुग्णालयांवर पडतो. ॲम्ब्युलन्स जवळचं ठिकाण गाठते, आणि स्वतःच्या पायांनी येणारे लोक सरळ वाहन मिळेल तिकडे जातात. उदाहरणासाठी काही आकडे धरू. बंद झालेल्या कॅज्युअल्टीत रोज 150 जण यायचे आणि त्यांतले 90 जण शेजारच्या एकाच रुग्णालयात जाऊ लागले. तिथे आधी रोज 200 यायचे, आता 290 येतात. या 90 पैकी साधारण 20 जणांना दाखल करावं लागतं असं धरा. सरासरी मुक्काम पाच दिवसांचा असेल तर रोजचे 20 गुणिले 5, म्हणजे त्या एकाच रुग्णालयाला कायमच्या 100 खाटा जास्त लागतात. हा साधा गुणाकार तुम्हीही तुमच्या शहरासाठी करू शकता: रोजचे वाढीव दाखल रुग्ण गुणिले मुक्कामाचे सरासरी दिवस. उत्तर शेजारच्या रुग्णालयातल्या नर्स नेमलेल्या रिकाम्या खाटांपेक्षा मोठं आलं, तर उरलेले रुग्ण कॅज्युअल्टीतच पडून राहतील.

इथे गोष्टी भराभर बिघडतात. कॅज्युअल्टीत तपासणीच्या 40 जागा आहेत आणि त्यांतल्या 20 जागांवर वॉर्डात खाट मिळण्याची वाट पाहणारे रुग्ण आहेत, तर नव्या रुग्णांसाठी तो विभाग निम्म्यावर आलेला असतो. रुग्ण झाले जवळपास दीडपट, जागा उरली अर्धी. त्यात रांगेचं गणित सरळ रेषेत वाढत नाही. सर्वांत साध्या प्रकारच्या रांगेत विभाग 80 टक्के भरलेला असताना थांबण्याचा वेळ 4 मिनिटं धरला, तर 90 टक्क्यांना तो 9 होतो आणि 95 टक्क्यांना 19. म्हणून 85 टक्के भरलेल्या रुग्णालयात अजून 10 टक्के मावतील असं म्हणणं धोक्याचं आहे. मावतील, पण तासन्‌तास थांबून. न्यूमोनियाच्या रुग्णाला प्रतिजैविकाचा पहिला डोस उशिरा मिळेल, आणि वयस्कर माणूस रात्रभर अरुंद स्ट्रेचरवर पडून राहील.

मग खाटा वाढवत का नाहीत? खाट एका दिवसात विकत घेता येते, नर्स येत नाही. व्हेंटिलेटरच्या रुग्णाजवळ चोवीस तास एक नर्स हवी. आठवड्याचे 168 तास भरायचे, एक नर्स 40 तास काम करते, रजा आणि आजारपण धरलं की एका खाटेमागे किमान पाच प्रशिक्षित नर्स लागतात. दहा खाटांचा आयसीयू उभारायचा म्हणजे पन्नास माणसं उभी करायची, आणि वॉर्डातल्या नर्सला आयसीयूत एकटीने रुग्ण सांभाळण्याइतकं तयार करायला महिने लागतात. बंद झालेल्या रुग्णालयातले लोक आपोआप शेजारी रुजू होतील ही समजूतही फसवी आहे. काही जण शहर सोडतात, काही खासगी क्लिनिकमध्ये जातात, निवृत्तीला टेकलेले निवृत्ती घेतात. जे शेजारी येतात त्यांनाही औषधांची कपाटं, संगणकाची प्रणाली, कुणाला कोणत्या क्रमांकावर बोलवायचं हे सगळं नव्याने शिकावं लागतं.

ॲम्ब्युलन्सचा हिशेब मी जरा सविस्तर मांडतो, कारण बंदच्या आराखड्यात तो बहुधा सापडतच नाही. एका फेरीत काय काय येतं? रुग्णापर्यंत पोहोचायला 8 मिनिटं, जागेवर 15, रुग्णालयात न्यायला 12, रुग्णाचा ताबा द्यायला 20, गाडी साफ करून परत यायला 10. एकूण 65 मिनिटं, बारा तासांच्या पाळीत 11 फेऱ्या. आता जवळचं रुग्णालय बंद झालं. न्यायला 22 मिनिटं लागतात, परत यायला 20. आणि ताबा देण्याचे 20 चे 40 होतात. कारण असं: आत रुग्णाला उतरवायला जागा नसते, म्हणून तो गाडीच्याच स्ट्रेचरवर कॉरिडॉरमध्ये राहतो. स्ट्रेचर मोकळं झाल्याशिवाय गाडी हलू शकत नाही, आणि रुग्णाची जबाबदारी घेणारं कुणी आल्याशिवाय गाडीवरचा कर्मचारीही हलू शकत नाही. एकूण 105 मिनिटं झाली, पाळीत 7 फेऱ्याही पुऱ्या होत नाहीत. म्हणजे 10 गाड्या आता पूर्वीच्या सहा गाड्यांइतकंच काम करतात, आणि तीच सेवा टिकवायची तर 16 गाड्या लागतील. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण फेरीची वेळ मोजायची पद्धत हीच. यात सगळ्यांत वाईट गोष्ट अशी की फटका फक्त बंद झालेल्या रुग्णालयाच्या परिसराला बसत नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणी कोसळलं तरी जवळची गाडी कुठल्यातरी कॉरिडॉरबाहेर अडकलेली असते.

उशिराची किंमत किती, याचे मोजलेले आकडे आहेत. मेंदूचा झटका आल्यावर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. इंग्लंडमध्ये जीवघेण्या स्थितीत ॲम्ब्युलन्सने नेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णालयाचं सरळ रेषेतलं अंतर दर 10 किलोमीटरने वाढलं की मृत्यूचं प्रमाण सुमारे एक टक्क्याने वाढलेलं दिसलं, म्हणजे शंभरांमागे एक जास्त मृत्यू. श्वासाच्या त्रासाच्या रुग्णांत हा परिणाम सर्वांत ठळक होता.

शेजारच्या रुग्णालयांवरचा परिणाम कॅलिफोर्नियात तपासला गेला. 1999 ते 2010 या काळात ज्या रुग्णालयांच्या जवळची कॅज्युअल्टी बंद झाली, तिथे दाखल झालेल्यांची मृत्यूची शक्यता इतरांच्या तुलनेत 5 टक्क्यांनी जास्त निघाली. हृदयविकाराच्या झटक्यात हा फरक 15 टक्के होता, मेंदूच्या झटक्यात 10 टक्के. (हे शंभरांत पाच जास्त मृत्यू नव्हेत. मूळ शक्यतेतली ही तुलनात्मक वाढ आहे.) मला या अभ्यासातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की हे रुग्ण बंद झालेल्या रुग्णालयाचेच होते असं नाही. शेजारच्या रुग्णालयात नेहमी जाणाऱ्यांनाही झळ बसली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्लंडमध्ये 2009 ते 2011 दरम्यान पाच ठिकाणच्या कॅज्युअल्टी बंद किंवा कमी केल्या. त्यांत हेमेल हेम्पस्टेड, न्यूआर्क, रॉचडेल ही गावं होती. पुढे झालेल्या अभ्यासात सरासरीने मृत्यू वाढल्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. 2010 साली लंडनने मेंदूच्या झटक्याचे तातडीचे उपचार सुमारे तीस रुग्णालयांतून काढून फक्त आठ केंद्रांत आणले, आणि तिथे मृत्यूचं प्रमाण कमी झालं. मग फरक कशाने पडला? लंडनच्या आठ केंद्रांत चोवीस तास तज्ज्ञ आणि स्कॅनची सोय उभी केली होती, ॲम्ब्युलन्सला कुठे जायचं ते ठरवून दिलं होतं, आणि शहराच्या कोणत्याही भागातून केंद्र अर्ध्या तासाच्या आत गाठता येईल असं नियोजन होतं. आधी पर्याय उभा, नंतर जुनी सेवा बंद, हा क्रम पाळला गेला. त्यामुळे कोणतंही रुग्णालय कधीच बंद करू नये असं माझं म्हणणं नाही. जीर्ण इमारतीत, अपुऱ्या डॉक्टरांवर चालणारी सेवा दुसरीकडे चांगली होऊ शकते. पैसे संपले म्हणून घाईने टाळं लावणं हा मात्र पूर्ण वेगळा प्रकार आहे.

घाईचं स्वरूप अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या हॅनिमन युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये दिसलं. जून 2019 च्या अखेरीस बंदची घोषणा झाली, सप्टेंबरमध्ये टाळं लागणार होतं. पण गंभीर अपघातांची सेवा जवळजवळ लगेच थांबली आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत कॅज्युअल्टीही बंद झाली. असं होण्यामागे सरळ कारण असतं. घोषणा होताच आधी ते लोक जातात ज्यांना बाहेर नोकरी लगेच मिळते, म्हणजे भूलतज्ज्ञ, आयसीयूच्या आणि ऑपरेशन थिएटरच्या नर्स. भूलतज्ज्ञ नाही म्हणून शस्त्रक्रिया रद्द, शस्त्रक्रिया नाही म्हणून अपघाताचे रुग्ण घेता येत नाहीत, ते नाहीत म्हणून उत्पन्न आणखी घटतं. म्हणून जाहीर केलेल्या तारखेवर विसंबू नका, सेवा त्याच्या आधीच कोसळायला लागते. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात रुग्णालय बंद करण्याआधी 120 दिवसांची पूर्वसूचना देण्याचा नियम असूनही बॉस्टनचं कार्नी हॉस्पिटल 2024 साली मालक कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर घोषणेनंतर सुमारे पाच आठवड्यांत, 31 ऑगस्टला, बंद झालं.

हॅनिमनमध्ये पाचशेहून जास्त निवासी डॉक्टर शिकत होते. त्यांना मिळेल तिकडे पांगावं लागलं. शिकवणारं रुग्णालय बंद झालं की रात्रीच्या पाळ्या सांभाळणारे हे हात शहरातून जातात, आणि काही वर्षांनी त्याच भागात दवाखाना थाटणाऱ्या नव्या डॉक्टरांचा ओघही आटतो. हा परिणाम कुठल्याही अहवालात पहिल्या वर्षी दिसत नाही.

काही सेवा अशा असतात की त्या होत्या हे बंद झाल्यावरच कळतं: रक्तपेढी, भाजलेल्यांचा कक्ष, मानसिक आजाराची तातडीची सेवा, लैंगिक अत्याचारानंतरची तपासणी, शवागार. डायलिसिसचंच घ्या. 15 यंत्रं, रोज तीन पाळ्या, प्रत्येक रुग्णाला आठवड्यातून तीनदा चार तास. सोमवार-बुधवार-शुक्रवारचे 45 आणि मंगळवार-गुरुवार-शनिवारचे 45, असे 90 रुग्ण त्या एका खोलीवर जगत असतात. त्यांना दोन-तीन दिवसांपलीकडे थांबता येत नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. शेजारच्या केंद्रात जागा नसेल तर हे लोक धाप लागलेल्या अवस्थेत कॅज्युअल्टीत येतात, म्हणजे ठरलेल्या वेळी सहज झालं असतं ते काम मध्यरात्री, आधीच भरलेल्या जागी करावं लागतं.

प्रसूतीचंही तसंच. फिलाडेल्फियात 1997 ते 2012 या काळात 19 पैकी 13 प्रसूती विभाग बंद झाले. सुरुवातीच्या तीन वर्षांत शहरातल्या नवजात बालकांचे मृत्यू इतर मोठ्या शहरांच्या तुलनेत जवळपास निम्म्याने वाढले, नंतर तो फरक ओसरला. ओसरला ही चांगली गोष्ट, पण त्या तीन वर्षांत उरलेल्या विभागांना जुळवून घ्यायला जो वेळ लागला त्याची किंमत बाळांनी दिली. नववा महिना लागलेली बाई कागदांशिवाय अनोळखी रुग्णालयात येते, तिचा रक्तगट, आधीचं सिझेरियन, सोनोग्राफीत दिसलेली वारेची (प्लॅसेंटाची) जागा ही माहिती कुणाकडेच नसते. एरवी सोपी असलेली प्रसूती इथे अवघड होते.

ओपीडीचे रुग्ण मात्र गर्दी करत नाहीत. ते गायब होतात. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, मानसिक आजार यांचे रुग्ण दोन बस बदलून नव्या जागी जायला कंटाळतात, गोळ्या संपतात, आणि सहा महिन्यांनी पायाला जखम किंवा पक्षाघात घेऊन परततात. पहिल्या तिमाहीत शेजारच्या ओपीडीवर फारसा ताण दिसत नाही म्हणून सगळं सुरळीत आहे असा निष्कर्ष काढणं ही मोठी चूक असते. औषध दुकानातून होणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या उचलीवर लक्ष ठेवलं तर ही गळती लवकर सापडते.

पैशांचा धागाही धरून ठेवा. बंद होणाऱ्या रुग्णालयात बऱ्याचदा पैसे न भरू शकणारे रुग्ण जास्त असतात. ते शेजारी गेले की शेजाऱ्याचा तोटा वाढतो. त्याला त्यासाठी वेगळा निधी मिळाला नाही तर पुढचा नंबर त्याचा लागू शकतो. अटलांटा मेडिकल सेंटर 1 नोव्हेंबर 2022 ला बंद झालं, 460 खाटांचं. त्यानंतर त्या शहरात प्रौढांच्या गंभीर अपघातांसाठी सर्वोच्च दर्जाचं एकच केंद्र उरलं, ग्रेडी रुग्णालयाचं. एकदा गेलेलं परत आणणं किती अवघड, हे लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागाने पाहिलं: तिथलं मार्टिन ल्यूथर किंग रुग्णालय ऑगस्ट 2007 मध्ये बंद झालं आणि नवं उघडलं ते 2015 साली, 131 खाटांचं. मधली आठ वर्षं लोक दूर जात राहिले.

आता तुमच्या शहरापुरतं. अधिकाऱ्यांना खाटा किती हे विचारू नका. शेजारच्या रुग्णालयात नर्स नेमलेल्या आयसीयूच्या किती खाटा कोणत्या तारखेपासून वाढणार, ॲम्ब्युलन्स किती वाढणार, ताबा द्यायला सध्या किती मिनिटं लागतात, डायलिसिसच्या प्रत्येक रुग्णाला नवी जागा आणि आठवड्यातले दिवस लेखी मिळाले का, हे विचारा. प्रसूती आणि कॅज्युअल्टी सर्वांत शेवटी, आणि त्याही पर्यायी जागा किमान काही आठवडे चालवून पाहिल्यावर बंद व्हाव्यात, हा आग्रह धरा. ॲम्ब्युलन्सच्या चालकांना बैठकीला बोलवा, कोणता पूल संध्याकाळी तुंबतो हे त्यांनाच ठाऊक असतं. बंद झालेल्या दारावर निदान काही महिने चोवीस तास एक नर्स आणि एक ॲम्ब्युलन्स उभी राहायला हवी. पाटी काढली तरी छातीत कळ आलेला माणूस सवयीने तिथेच येतो.

घरात कुणाचे उपचार तिथे चालू असतील तर तारखेची वाट न पाहता या आठवड्यातच केसपेपरची प्रत मागा. डिस्चार्जचा कागद, शेवटचा ईसीजी, औषधांची यादी मात्रांसह, सोनोग्राफी आणि स्कॅनच्या प्रतिमा सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, नुसता अहवाल पुरत नाही. केमोथेरपी चालू असेल तर कितवा डोस, कोणती औषधं, किती मिलिग्रॅम आणि पुढची तारीख हे लिहून घ्या. पेसमेकर किंवा सांध्याचं रोपण असेल तर त्याच्या कंपनीचं आणि मॉडेलचं कार्ड सांभाळा. कर्करोगाची तपासणी झाली असेल तर पॅथॉलॉजीचे मेणाचे ब्लॉक (तपासणीसाठी काढलेला तुकडा यांत जपलेला असतो) आणि काचपट्ट्या मागायला बहुतेक लोक विसरतात. नव्या डॉक्टरला नवी चाचणी करायची असेल तर तोच तुकडा लागतो, आणि रुग्णालयाला टाळं लागल्यावर तो कुठल्या गोदामात आहे हे शोधण्यात कितीतरी आठवडे जाऊ शकतात.